सोळा पानांचं जिरेनियम

भर पावसात आमच्या घरमालकांच्या डोक्यावर छत्री कोणी कधी पाहिली नाही. छत्र्या होत्या, चांगल्या तीन होत्या, पण त्या कुंड्यांवर बांधलेल्या असायच्या. स्वतः मालक धोतराचा सोगा कमरेला खोचून, चष्म्यावरचं पाणी बोटाने निपटत, त्या छत्र्यांच्या मधोमध उभे. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात हे बघितलं आणि घरात येऊन यांना विचारलं, अहो, हे गृहस्थ बरे आहेत ना? हे म्हणाले, बरे आहेत, फक्त छपराखालच्या कुंड्यांकडे फार बघत उभी राहू नकोस. बघायचंसुद्धा नाही? मला हसूच आलं तेव्हा. पुढे येईनासं झालं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. माझं माहेर ठाण्याचं, खोपटचं, तिथे निदान माणसांची वर्दळ होती. डोंबिवलीत स्टेशन सोडलं की चार घरं, मग भातखाचरं, ती पार मानपाड्यापर्यंत. आमची चाळ सहा बिऱ्हाडांची, बैठी. पुढे अंगण, कोपऱ्यात विहीर, आणि विहिरीपाशी मालकांची बाग, तिच्यात कुंड्यांवर झावळ्यांचं छप्पर आणि ते गळे तिथे छत्र्या. मालक विधुर. एकुलती मुलगी लांब दिलेली. नोकरी संपवून बसले होते आणि उरलेलं आयुष्य त्यांनी एका जिरेनियमच्या मागे लावलं होतं.

ते का, हे त्यांनी मला एकदा विहिरीवर पाणी काढताना सांगितलं. फोर्टातल्या कचेरीत त्यांचा एक गोरा साहेब होता. साहेबाच्या गॅलरीत जिरेनियमच्या कुंड्या असायच्या आणि दर पावसाळ्यात त्या कुजून मरायच्या, मग दिवाळीनंतर पुण्याहून नव्या यायच्या. तरुणपणी मालकांनी धीर करून विचारलं, की साहेब, ही झाडं इथे टिकत का नाहीत? साहेब म्हणाला, तुमच्या हवेत हे फूल जगायचं नाही. बस, एवढंच. मालकांना ‘फूल जगायचं नाही’ याचं काही वाटलं नाही, ‘तुमच्या हवेत’ हे मात्र झोंबलं, ते कायमचं. "हवा काय माझ्या बापाने केली होती?" असं ते मला विचारत होते, जसा काही तो साहेब मीच. पुढे साहेब बोटीत बसून आपल्या देशाला गेला. ज्याला दाखवायचं तोच राहिला नाही, पण मालकांचं काम सुरूच.

काम म्हणजे काय, तर दोन झाडांचं लग्न लावायचं. एक पुण्याचं, लाल भरघोस फुलांचं, देखणं आणि नाजूक. दुसरं मालकांनी कल्याणच्या एका बंगल्याच्या उकिरड्यावरून उचललेलं. काटकुळं, फूल बोटभर, पण दोन पावसाळे त्या घाणीत उभं राहिलेलं. "रूप पुण्याचं, जीव उकिरड्याचा," असं ते म्हणत, आणि दिवसातून चारदा म्हणत. जिरेनियमच्या फुलात पराग आधी पिकतो आणि मधली दांडी मागाहून उघडते, तिची पाच टोकं चांदणीसारखी फाकतात. मालक पराग चिमट्याने आधीच काढून टाकत, फुलावर कागदाची टोपी चढवत आणि चांदणी उघडली की दुसऱ्या झाडाचा पराग कुंचल्याने तिला लावत. मग बगळ्याच्या चोचीसारखी लांब शेंग धरायची. तीत फार तर पाच बिया, त्याही उगवतील तर.

पराग ते तपकिरीच्या डबीत ठेवत. आता ही काय जागा झाली? एकदा शेजारच्या बिऱ्हाडातले आजोबा बाकावर येऊन बसले आणि त्यांनी सवयीने ती डबी उघडून एक दणदणीत चिमूट ओढली. आजोबांना शिंका आल्या नाहीत म्हणून ते तपकिरीला नावं ठेवत घरी गेले. मालक त्यांच्याशी भांडले नाहीत. फक्त वर्षभर त्या आजोबांच्या नाकाकडे बघून बोलत.

रोपांना नावं नव्हती, नंबर होते. आषाढात परीक्षा सुरू व्हायची. सकाळी उठून मालक एकेका रोपाचा बुंधा अंगठ्याने दाबून बघत. घट्ट लागला तर पुढे सरकत, मऊ लागला तर तिथेच उकिडवे बसून राहत. मग अंघोळ करून येत आणि अंगणात सांगत, "त्र्याण्णव गेलं." एकदा कोणाकडे आलेल्या पाहुण्यांनी हळहळून विचारलं, काय झालं होतं? मालक म्हणाले, "पाय काळा पडला." पाहुणे म्हणाले, मधुमेहाचं असंच असतं. तेव्हा आम्ही पदरात तोंड लपवून हसलो, पण खोटं कशाला सांगू, आषाढ लागला की सगळ्या चाळीचा जीव मुठीत असायचा. पोरं अंगणात चेंडू काढत नसत. आम्ही बायका धुणं वाळत घालतानासुद्धा हलक्या हाताने झटकायचो. मालक ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत.

नियम एकच होता आणि तो त्यांनी स्वतः प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला सांगितलेला. छपराखालच्या कुंड्यांना हात लावायचा नाही. उघड्यावरचं काहीही तोडा, पूजेला न्या, गजऱ्याला न्या, विचारायचीही गरज नाही. जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, सगळी चाळ तोडत असे. हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण सगळं त्यावरच आलं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणात माझी मंगळागौर डोंबिवलीला होती. पहिली माहेरी झाली होती, तिथे सगळं गमतीत. इथे माझ्या सासूबाई. त्यांच्या घरची पद्धत म्हणजे सोळा जातींची पत्री आणि प्रत्येक जातीची सोळा पानं. पंधरा चालायची नाहीत. सासूबाई तशा मायाळू होत्या, पण त्यांची एक लेक लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कपाळ उघडं करून परत आली होती आणि पुढे तापात गेली. तिच्या मंगळागौरीला पत्री कमी पडली होती हे त्यांच्या मनात बसलेलं. ते त्या कधी बोलल्या नाहीत, यांनी मला सांगितलं होतं. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी मी पानं दोन-दोनदा मोजत होते.

पंधरा जाती भरल्या. आघाडा, माका, धोतरा, बेल, डाळिंब, जाई, सगळं झालं. सोळावी शमी मानपाड्याची भाजीवाली आणणार होती. ती आली ती गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन, आणि म्हणाली, "पान्यान काय गावला नाय गो बाय." गुरुजींना अजून तीन घरं करायची होती. ते पाटावर बसून घसा खाकरत होते. माझ्याबरोबर पूजेला बसायच्या चार नव्या नवऱ्या नटून तयार होत्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, अगं, मालकांच्या बागेत बघ, उघड्यावरचं काहीही चालेल, पण सोळा आण.

मालक घरी नव्हते, पहाटेच ठाण्याला गेले होते. पाऊस असा की समोरचं दिसेना. जास्वंद, तगर, मोगरा, कण्हेर आमच्या ताटात आधीच होती. मी विहिरीपाशी गेले आणि तिथे कडेला मला एक रोप दिसलं. वीतभर उंच, गोल मखमली पानं, पानावर काळपट कडं. वर छप्पर नाही, छत्री नाही, खाली कुंडीसुद्धा नाही, नुसतं जमिनीत. मी एक पान चुरगळून बघितलं, छान वास आला. जिरेनियमचंच आहे हे मला कळत होतं. पण मला वाटलं, नको असलेलं फेकलंय. छत्रीखालची लाडकी, हे दोडकं.

मी नखाने एकेक पान खुडलं. चौदा भरली. वर शेंड्याला बारकी दोन होती ती सुटी निघेनात, म्हणून मी शेंडाच मोडून घेतला. शेंड्यात मुगाएवढं काही तरी लोंबत होतं. मी बघितलं आणि बघितलं नाही. सोळा झाली याचाच आनंद. पळत घरी आले.

गुरुजींनी विचारलं, हे कोणतं पान? सासूबाई म्हणाल्या, सुवासिक आहे, देवीला चालेल. पूजा झाली. सोळावी पत्री शेवटी वाहिली आणि तो शेंडा सगळ्या राशीच्या वर, समईच्या बाजूला बसला.

दुपारी पंगत बसायच्या वेळी मालक परत आले. मी खिडकीतून बघत होते. घरी जायच्या आधी ते विहिरीकडे वळले, नेहमीसारखे. तिथे थांबले. हातातली पिशवी खाली ठेवली. आधी त्यांनी चिखलात वाकून खूर शोधले, बकरी शिरली असेल म्हणून. मग त्या बोडक्या दांडीवरून बोट फिरवलं. बकरी नखाने देठ खुडत नाही हे त्यांना कळलं आणि ते मला तिथूनच दिसलं. छपराखालच्या कुंड्यांकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही, तेव्हा मला समजलं, की लाडकं कोणतं होतं.

ते आमच्या दारात आले. आत बायकांचं कार्य, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"पत्री कोणी आणली?"

मी म्हटलं, मी.

"विहिरीजवळचं?"

"उघड्यावरचं होतं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "उघड्यावरचं होतं. मीच ठेवलं होतं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. ते एकशे सत्तावीस नंबर. ज्येष्ठापासून उघड्या जमिनीत, एका थेंबाचा आडोसा नाही, आणि बुंधा दगडासारखा. आजवर उघड्यावरचं एकही रोप आषाढ ओलांडून गेलं नव्हतं. बाकीच्यांना उन्हाळ्यात फुलं येऊन गेली, हे मात्र हट्टी, एक कळी नाही. परवाच पहिला तुरा दिसला होता. रंग कोणता येईल तो अजून त्यांनाही माहीत नव्हता. "कोणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "दृष्ट लागेल म्हणून." हेच गृहस्थ सासूबाईंच्या मीठमोहऱ्यांना हसायचे.

आणि बोलता बोलता त्यांना राशीवरचा शेंडा दिसला. नुसत्या पानाला मूळ फुटत नाही, पण शेंड्याला फुटतं. ते एक पाऊल पुढे आले. सासूबाई चौरंगाच्या आड उभ्या राहिल्या. "मालक, उत्तरपूजेआधी पान हलवायचं नाही. माझ्या मुलाच्या आयुष्याची पूजा आहे."

एकीकडे माझं सौभाग्य, दुसरीकडे या माणसाचं सगळं आयुष्य, आणि मध्ये तो बोटभर शेंडा. मला वाटलं होतं ते तावातावाने काही बोलतील, आत घुसतील. घुसले असते तर कोण अडवणार होतं? पण ते जागेवर थांबले. "नका हलवू," ते म्हणाले. "उद्या किती वाजता?"

सासूबाईंनी वेळ सांगितली. मालक माझ्याकडे वळले. "सूनबाई, कापलेल्या तोंडाला पाणी लागू देऊ नका. एवढंच करा." आणि गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. पूजा म्हटली की पाणी आलं. नैवेद्याचं पाणी, आरतीनंतरचं तीर्थ, संध्याकाळी हळदीकुंकवाला येणाऱ्या पंचवीस बायका आणि प्रत्येकीच्या हातात ओली फुलं. मला हलवता येत नव्हतं, झाकता येत नव्हतं. मी चौरंगाला चिकटून बसले. कोणी फुलं वाहायला वाकली की मी हात पुढे करून म्हणायची, द्या, मी वाहते, आणि ती पदराला पुसून दुसऱ्या बाजूला ठेवायची. मैत्रिणी हसायला लागल्या, म्हणाल्या, ही आजच देवी झाली वाटतं. आरतीला सासूबाईंनी तीर्थाची पळी उचलली तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पळी नेहमीसारखी मधोमध न धरता डाव्या अंगाला नेली आणि तिकडेच शिंपडलं. येणाऱ्या बायकांनाही त्या सांगू लागल्या, इकडून वाहा हो, समईकडे नको, पदर पेटेल. समई तिथे सकाळपासून होती. रात्री जागरणाचे खेळ झाले, मी एकही फुगडी धड घातली नाही. पायाखालची जमीन हादरली की मी राशीकडे बघायची.

सकाळी उत्तरपूजेच्या वेळी मालक दारात हजर. अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, हातात तांब्याचं ताम्हन. आयुष्यात देवळाची पायरी न चढलेला माणूस. सासूबाईंनी अक्षता वाहून देवी हलवली, सगळ्यांत आधी तो शेंडा उचलला आणि प्रसाद द्यावा तसा मालकांच्या ताम्हनात ठेवला. मालकांनी तो उलटा करून मोडलेलं तोंड खिडकीच्या उजेडात बघितलं.

"सुकलंय," ते म्हणाले. "बरोबर सुकलंय."

जिरेनियमचा तुकडा लगेच मातीत लावला तर कुजतो, एक दिवस कोरड्यात सुकवावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. त्या पावसात सगळ्या चाळीत कोरडी जागा एकच होती, समईच्या शेजारची. मला इतकं हलकं वाटलं, की मी हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शेंड्यातला तो लोंबता तुरा दाखवला. मोडून एक दिवस झाला तरी एका कळीचं तोंड फुटायला आलं होतं. हिरव्या फटीतून बारीकशी रेघ दिसत होती, पण कोणता रंग ते सांगता येईना.

"कळी ठेवली तर फूल दिसेल, आणि तुकडा मरेल," ते म्हणाले. "कळी काढली तर मूळ धरेल. कदाचित."

मी म्हटलं, मग काढा. ते काढेनात. चिमटा हातात होता, पण हात पुढे जाईना. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"तुम्ही खुडा, सूनबाई. तुमचा हात बसलाय."

रागाने म्हणाले की काकुळतीने, मला आजही सांगता येत नाही. मी नखाने तो तुरा खुडला. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि मूठ मिटून घरी गेले. मी चुलीपाशी बसून मनसोक्त रडले. सासूबाईंनी मला रडू दिलं, त्या दिवशी स्वयंपाकही त्यांनीच केला.

जमिनीतली दांडी चौथ्या दिवशी काळी पडली. म्हणजे आता उरला तो शेंडाच. तो मालकांनी स्वतःच्या खोलीत खिडकीत ठेवला होता, रेतीत. मला विचारायची छाती नव्हती. अंगणात ते दिसले की मी त्यांचा चेहरा वाचायची आणि पाण्याला उशीर करायची. त्या दिवसांत ‘अमुक नंबर गेलं’ असं ते सांगत नव्हते, त्यामुळे तर जास्तच भीती वाटे. गणपती येऊन गेले. पितृपंधरवडा लागला. एका सकाळी मी विहिरीवर कळशी भरत होते, ते मागून आले आणि न थांबता पुढे जाताना म्हणाले, "नवं पान आलंय." माझ्या हातून कळशी सुटली ती थेट विहिरीत.

फूल आलं पौषात. त्यांनी मला आणि सासूबाईंना बोलावलं. फिकट गुलाबी, मध्यम, चार पाकळ्या सरळ आणि एक जरा मुडपलेली. पुण्याच्या लालपुढे काहीच नाही. "रंग काही खास नाही," मालक म्हणाले. इतकी वर्षं वाट बघून हे फूल, याचं वाईट त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं, आणि मलाही फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, चांगलं सोज्वळ आहे. मालकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि चक्क लाजले, मी पहिल्यांदाच पाहिलं. पण खरी परीक्षा रंगाची नव्हतीच. त्या एका झाडाचे त्यांनी हिवाळाभर तुकडे केले, सुकवले, लावले, आणि ज्येष्ठात विहिरीपाशी उघड्या जमिनीत पाच रोपं रांगेने ठेवली. या वेळी कोणाला सांगितलं नाही असं नाही. सहाही बिऱ्हाडांत जाऊन सांगितलं.

त्या वर्षी पाऊस वेड्यासारखा पडला. सगळा आषाढ मी माझ्या खिडकीतून त्या पाच रोपांवर नजर ठेवून होते. मालकांचा अंगठा बुंध्यावर टेकला की मी भाजी चिरायची थांबायची. एकही पाय काळा पडला नाही.

श्रावणात माझी तिसरी मंगळागौर. शमी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती, या खेपेला पत्रीत काही कमी नव्हतं. मी पाटावर बसणार एवढ्यात दारात मालक. नखशिखान्त भिजलेले, डोक्यावर छत्री नाही. हातात तेच ताम्हन, वर केळीचं पान झाकलेलं. त्यांनी ते उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि केळीचं पान काढलं. खाली गोल, मखमली, काळपट कड्याची पानं एकावर एक लावून ठेवली होती.

सासूबाईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मालक, हे कशाला?"

"उघड्यावरची आहेत," मालक म्हणाले. मग माझ्याकडे बघून चष्मा पुसला. "सोळा आहेत, सूनबाई. मोजून घ्या. शेंडा मात्र एकही मोडलेला नाही."